मुलांच्या चित्रावर बोलायचं तरी काय? (आणि गप्प कधी बसायचं?)

रेघोटी
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. तीन आठवडे डोक्यात एकच भुंगा आहे.

मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते. गच्चीवर पत्रा टाकून घेतलाय, तिथे रविवारी सकाळी चित्रांचा वर्ग घेते. नऊ मुलं, वय दहा ते पंधरा. अर्धी मराठी, अर्धी गुजराती, त्यामुळे कुणाची मी ताई तर कुणाची बेन.

विषय दिला होता ‘सुरसागरची संध्याकाळ’. सुरसागर म्हणजे इथलं गावातलं तळं, मध्ये शंकराची मूर्ती. शनिवारी संध्याकाळी प्रत्येकाने तिथे जाऊन पेन्सिलने काढून आणायचं आणि रविवारी वर्गात रंगवायचं. बारा वर्षांची एक मुलगी आहे, इथे तिला मिनू म्हणू. बोलते कमी, कागद मात्र कडेपर्यंत भरते. तिच्या चित्रात मधोमध शंकराची मूर्ती, मागे न्यायमंदिराचा (जुन्या कोर्टाच्या इमारतीचा) आकार, पाण्यात दिवे, आणि खाली कोपऱ्यात पिवळा रंग भरपूर ओतलेला. मूर्ती उजवीकडे झुकलेली. पाण्याची कड डावीकडून उजवीकडे उतरत गेलेली.

मी म्हणाले, “अगं, असं असतं तर निम्मं तळं रस्त्यावर आलं असतं.” मुलं हसली. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी तिच्या हातातली पेन्सिल घेतली आणि तिच्या चित्रावर, अजून पुरते न वाळलेल्या रंगावर, उभी रेघ ओढून दाखवली की मूर्तीचा मध्य इथून जायला हवा. ओल्या कागदावर पेन्सिल रुतते, चर पडली. ती म्हणाली, “हो ताई.”

पुढच्या रविवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग आईचा व्हॉट्सॲप आला, “ताई, ती नको म्हणते. तुम्ही थोडं छान छान बोललात तर येईल. लहान आहे ने.”

आता सांगा. पाणी आडवंच असतं, मी खोटं काही बोलले नव्हते. पण नुसतं छान म्हणून पैसे घेणंही मला जमत नाही. तुम्ही शिकवत असाल, शिकला असाल, मुलं वर्गाला पाठवत असाल, तर चित्रावर बोलण्याची तुमची रीत काय? कुणाचं बोलणं उपयोगी पडलं, कुणाचं लागलं?

कोथिंबीर
छान म्हणायला काय पैसे पडतात? बारा वर्षांचं पोर ते. तिला काय उद्या प्रदर्शन भरवायचंय?

तिरकस
@कोथिंबीर, माझ्या भाचीला आम्ही घरचे सगळे आठ वर्षं ‘छान’ म्हणत आलो. आता कुणी छान म्हटलं की ती विचारते, “म्हणजे बघितलं नाहीस ना?” दर वेळी बरोबर ओळखते.

खडूफळा
सव्वीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवतोय, महाराष्ट्रात. एका तुकडीत साठ-बासष्ट मुलं, पस्तीस मिनिटांचा तास, त्यातली दहा मिनिटं पाणी आणण्यात आणि पाच ते सांडण्यात. तुमच्या नऊ मुलांचा मनापासून हेवा वाटला.

मी स्पष्ट सांगणाऱ्यातला आहे. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या सरकारी ग्रेड परीक्षांना मुलं बसवतो. तिथे परीक्षक गठ्ठा पुढ्यात घेऊन बसतो, तो कुणाचे डोळे पुसायला येत नाही. साधं उदाहरण देतो. तांब्या काढायला सांगा. दहातली आठ मुलं तोंड गोल-लंबगोल काढतात आणि बूड पट्टी ठेवल्यासारखं सरळ. का? तर तांब्या टेबलावर टेकलेला आहे हे त्यांना ठाऊक असतं, म्हणून बूड ‘टेकलेलं’ काढतात. दिसतं तसं नाही, ठाऊक आहे तसं. प्रत्यक्षात बूड डोळ्याच्या पातळीपासून आणखी खाली असतं, म्हणून तिथला लंबगोल तोंडापेक्षाही फुगीर दिसायला हवा. हे एकदा दाखवलं की आयुष्यभर चुकत नाही. ‘छान’ म्हणून सोडून दिलं तर दहावीपर्यंत सपाट बुडाचेच तांबे काढत राहतील. सात साते सत्तेचाळीस लिहिलं तर गणिताचे मास्तर ‘छान प्रयत्न’ म्हणतात का?

तुमची रेघ चुकली नाही ताई, जागा चुकली. ती फळ्यावर ओढायची होती.

नाममात्र
मी तिसरीत घोडा काढला होता. वडील म्हणाले, “म्हैस चांगली आलीय, पण ही पळते का आहे?” मी आता बँकेत आहे. बाकी बोलणे न लगे.

तिरकस
@नाममात्र, खिक्. कर्ज विभागात का?

नाममात्र
वसुली.

दोन_मुलांचा_बाप
इथे दुसऱ्या बाजूने बोलतो. आमची थोरली एका नावाजलेल्या वर्गाला जायची (शहर सांगत नाही). वर्षाअखेरीस प्रदर्शन. आम्ही आजीआजोबांसकट नटूनथटून गेलो. भिंतीवर चाळीस चित्रं आणि चाळीसही एकाच हातची. तोच सूर्यास्त, तीच नाव, नावेतल्या कोळ्याचा तोच वाकलेला खांदा. लेकीला बक्षीस मिळालं. घरी येताना रिक्षात म्हणाली, “बाबा, कोळी सरांनी काढला. आणि पाणी. आकाश अर्धं माझं आहे.” अर्धं कुठलं विचारलं तर म्हणाली, “वरचं. पण त्यावर सरांनी पक्षी काढलेत.”

मिनूच्या चित्रावर निदान एकच रेघ पडली. इथे अख्खं चित्रच उचललं गेलं होतं, आणि आम्ही त्याचे वर्षभर पैसे भरले. प्रमाणपत्र अजून फ्रिजवर आहे, लेक चित्र काढत नाही.

सुरवंट
प्रमाणपत्रावरून. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला होता. मुद्दाम चित्रं काढायची मुळात आवड असलेलीच मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर फीत लावलेलं प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना काही न सांगता नंतर अचानक दिलं. उरलेल्यांना काहीच नाही. आठवडा-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात तेच रंगीत पेन वर्गात ठेवले. ज्यांना बक्षीस आधी कबूल केलं होतं ती मुलं त्या पेनांकडे बाकीच्यांपेक्षा बरीच कमी फिरकली. अचानक मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं.

म्हणजे दुखतं ते फक्त टीकेनं असं नाही. आधी कबूल केलेलं कौतुकही गोडी घालवतं. मिनूच्या आईला हे सांगून उपयोग नाही, पण तुम्हाला माहीत असलेलं बरं.

कोथिंबीर
म्हणजे छान म्हणायचं नाही, वाईट म्हणायचं नाही, बक्षीस द्यायचं नाही. मग मास्तरीणबाईंनी करायचं काय, पोहे?

इंदुरी_पोहे
कुणी हाक मारली?

बडोदेकर_जुना
रेघेवरून आठवलं म्हणून लिहितो, लांबण लागेल.

मी १९७०च्या दशकात इथेच, बडोद्याच्या फाइन आर्ट्सला होतो. त्याआधी गावी ज्या मास्तरांकडे शिकलो ते कोळसा घेऊन थेट कागदावर ‘करेक्शन’ करत. आम्ही उठायचं, ते आमच्या जागी बसायचे आणि चार फटकाऱ्यांत मान धडावर बसवायचे. त्यात अपमान कुणालाच वाटला नाही. उलट ज्याच्या कागदावर सर बसले त्याचा बाकीचे मत्सर करत. ते कागद मी कितीतरी वर्षं जपून ठेवले होते. तेव्हा रेघोटीताई, कागदाला हात लावणं म्हणजे पापच असंही नव्हे. काळ, वय आणि माणूस बघावं लागतं. बारा वर्षांच्या मुलीला दहाजणांत आणि पंचवीस वर्षांच्या दाढीवाल्याला ईझलपाशी, दोन्ही सारखं नाही.

इथे आल्यावर अगदी उलट अनुभव. रात्री आम्ही स्टेशनवर स्केचिंगला जायचो, चालत अंतरावर. फलाटावर झोपलेली माणसं, बोचकी, ट्रंकांवर बसलेल्या बाया. एका आठवड्यात चाळीस कागद केले आणि छाती फुगवून एका सरांपुढे ठेवले. त्यांनी एकेक कागद बघितला. घाईने नाही, प्रत्येक कागद. तोंडातून अक्षर नाही. मग तीन कागद बाजूला काढून वेगळे ठेवले आणि चहा प्यायला निघून गेले.

रात्रभर मी ते तीन आणि बाकीचे सदतीस मांडून बसलो. त्या तिघांत काय आहे? चेहरे नाहीत, शेडिंग नाही, दोन तर अर्धवट. पहाटे लक्षात आलं. त्या तिन्ही वेळी गाडी सुटत होती. वेळच नव्हता, त्यामुळे जे दिसलं तेवढंच काढलं. बाकी सदतीसांत मी सुंदर काढत बसलो होतो. सरांनी सांगितलं असतं तर दोन दिवसांत विसरलो असतो.

निळाईझल
काका, दंडवत. पण गप्प बसण्याचीही एक दहशत असते हो. आमच्याकडे (दुसरं कॉलेज, दुसरं शहर) एक सर ज्युरीत (परीक्षक मिळून चित्रं बघतात तेव्हा) चित्रासमोर उभे राहतात, “हं” म्हणतात आणि पुढे जातात. त्या ‘हं’चा अर्थ लावण्यात आमची दोन वर्षं गेली. शेवटी कळलं, त्यांना कमी ऐकू येतं आणि शेजारचे परीक्षक बोलले की ते हुंकार देतात.

बडोदेकर_जुना
😀 आमच्याही सरांना कदाचित चहाचीच घाई असेल. पन्नास वर्षांनी हा नवा संशय डोक्यात घातल्याबद्दल आभार.

लष्करवाली
ग्वाल्हेरहून. आमच्याकडे गाण्यात ‘पुन्हा’ हा एकच शब्द असे. चुकलं तरी पुन्हा, बरोबर आलं तरी पुन्हा. फरक एवढाच की बरोबर आल्यावर गुरुजी डोळे मिटून पुन्हा म्हणत. आम्ही सूर सोडून त्यांच्या पापण्यांकडेच बघत बसायचो. गाणं मात्र हवेत विरतं, चुकीचा सूर भिंतीवर टांगून राहत नाही. चित्राचं तसं नाही, चूक पुढ्यात तशीच बसलेली असते. मला वाटतं म्हणून ते जास्त लागतं.

आयटी_हमाल
आमच्याकडे याला कोड रिव्ह्यू म्हणतात. नियम एकच, ‘तू चुकवलंस’ लिहायचं नाही, ‘ही ओळ इथे फुटेल’ लिहायचं. तरीही लोक महिनोन्‌महिने जेवणाच्या टेबलावर बोलत नाहीत.

इंदुरी_पोहे
बडोदेकर काका फाइन आर्ट्स फाइन आर्ट्स करतायत, पण चित्रकार बेंद्रे आमचे बरं का. १९१० साली जन्म इंदूरचा, शिक्षण इंदूरला देवलालीकर सरांकडे. मग तुमच्याकडे आले.

बडोदेकर_जुना
मान्य. पण १९५०ला फॅकल्टी सुरू झाली तेव्हापासून १९६६पर्यंत होते इथे. सोळा वर्षांत माणूस कुठला होतो?

इंदुरी_पोहे
कच्चा माल आमचा, कारखाना तुमचा. चला, तोडपाणी झालं.

मस्करी सोडा, मुद्द्याचं सांगतो. एम. एफ. हुसेनही काही काळ देवलालीकरांकडेच शिकले. बेंद्रे आणि हुसेन, दोघांची चित्रं शेजारी शेजारी ठेवा आणि मास्तर एक होता हे ओळखून दाखवा भिया. नाही ओळखता येणार. @दोन_मुलांचा_बाप यांच्या त्या चाळीस सूर्यास्तांवरून हे सुचलं. मास्तर चांगला की वाईट हे बघायचं तर एक चित्र बघून भागत नाही, वर्गातली सगळी चित्रं एकत्र बघावी लागतात.

खडूफळा
@इंदुरी_पोहे, बासष्ट मुलांचा तांब्या मात्र बासष्ट तऱ्हांचा नसतो. पाया एकच असतो. हुसेनांचा घोडा त्यानंतर येतो.

निळाईझल
खडूफळा सर, पाया मान्य, पण पाया शिकवायचा कसा यावरच तर धागा आहे. माझे दोन पैसे, दोन्ही स्वतः खाल्लेल्या लाथांतून आलेले.

पहिला पैसा. ज्युरीत स्वतःच्या चित्राबद्दल बोललेलं डोक्यात राहत नाही. कान गरम झालेले आठवतात, शब्द नाही. म्हणून आम्ही मित्रामित्रांत ठरवलं की माझ्या चित्रावर बोलणं चालू असताना वही मित्राच्या हातात आणि त्याच्या वेळी माझ्या हातात. दोन दिवसांनी वाचायचं. पहिल्या वेळी मला आठवत होतं “सगळं फसलंय”. वहीत होतं, “डावीकडचा खांब आणि पडदा एकाच गडदपणाचे, त्यामुळे बाई भिंतीला चिकटलीय. पडदा उजळ करून बघ. हात उत्तम.” ‘हात उत्तम’ मी ऐकलंच नव्हतं!

दुसरा पैसा. लिझ लर्मन नावाच्या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेची एक पद्धत आहे, चित्रालाही चालते. आधी बघणाऱ्यांनी सांगायचं, कशापाशी नजर थांबली, काय भिडलं. मग करणाऱ्याने स्वतःचे प्रश्न विचारायचे. मग बघणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे, पण त्यात मत लपवायचं नाही. आणि शेवटी मत, तेही ‘सांगू का?’ असं विचारून. तिसरी पायरी भयंकर अवघड. “इतका काळा का केलास?” हा प्रश्नच नाही, माणूस रागावल्यावर बोलतो ते आहे ते. “इथे काळा रंग घेताना काय डोक्यात होतं?” हा प्रश्न. पहिल्या वेळी आम्ही सातजणांनी मिळून अर्ध्या तासात एकच खरा प्रश्न तयार केला.

तर रेघोटीताई, तुम्हाला एक खरा प्रश्न. त्या चित्रात मिनूला काय काढायचं होतं? विचारलं होतंत का?

रेघोटी
सगळ्यांचे आभार. @निळाईझल, नाही विचारलं. विषय मीच दिला होता ना, सुरसागर. मला वाटलं सुरसागरच काढलंय.

@खडूफळा, तांब्याचं बूड पुढच्या रविवारी घेतेच. @कोथिंबीर, पोहे मुलांना आवडतात, तोही उपाय करून बघेन.

तिरकस
विषय दिला की मुलं विषय काढतात हा शिक्षकांचा लाडका गैरसमज आहे. ‘माझी आई’ वर निबंध लिहायला सांगितला तेव्हा मी दीड पान आईच्या शिलाई मशीनवर लिहिलं होतं. ‘विषयाला सोडून’ असा शेरा आला. आईने तो निबंध मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवला होता.

बडोदेकर_जुना
आता चित्रकार नंदलाल बोसांची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. बडोद्यात कीर्तिमंदिरात त्यांची भित्तिचित्रं आहेत, १९३९ ते ४६च्या दरम्यान टप्प्याटप्प्याने केलेली. ज्यांनी बघितली नाहीत त्यांनी सुरसागरवरून येताना वाट वाकडी करावी.

गोष्ट त्याच्या खूप आधीची, कलकत्त्याची. तरुण नंदलालनी तपश्चर्येला बसलेल्या उमेचं चित्र काढून गुरू अवनींद्रनाथ ठाकुरांना दाखवलं. अगदी मोजका रंग, दागिना नाही, काही नाही. अवनींद्रनाथ म्हणाले, फार कोरडी वाटते, जरा सजव, कपाळी चंदन लाव, हातात निदान एखादं जास्वंदीचं फूल दे. नंदलाल चित्र घेऊन गेले. इकडे गुरूला झोप लागेना. रात्रभर तळमळले, हे मी काय सांगून बसलो? तपाला बसलेली मुलगी, ती कशाला नटेल? पहाट होताच धावत नंदलालच्या घरी गेले. नंदलाल चित्र पुढ्यात घेऊन रंग लावण्याच्या बेतातच होते. थांब थांब म्हणून हात थांबवला. ही गोष्ट पुढे स्वतः अवनींद्रनाथांनीच सांगितली आहे. चूक माझी होती हे सांगायला गुरू पहाटे शिष्याच्या दारात गेला, मला यातलं हेच फार मोठं वाटतं.

सुरवंट
काका 🙏 हे माहीत नव्हतं.

आयटी_हमाल
आणि नंदलालनी लगेच ‘हो सर’ म्हणून रंग कालवायला घेतला होता हेही बघा. मिनूचं “हो ताई” आठवलं.

खडूफळा
गोष्ट सुंदर आहे. पण मी अजून पाण्यापाशीच अडकलोय. @रेघोटी, चित्राचा फोटो आहे का? असला तर एक तपासा. मूर्ती उजवीकडे झुकलीय म्हणालात, पाणी उजवीकडे उतरलंय म्हणालात. दोन्ही एकाच कोनात आहेत का?

विचारायचं कारण असं. मुलाला उभं-आडवं दिसतच नसेल तर झाड इकडे झुकतं, घर तिकडे, पाणी तिसरीकडे. ती नजरेची चूक, तिच्यावर सराव हाच उपाय. पण सगळंच्या सगळं एकाच दिशेला, एकाच कोनात झुकलं असेल तर नजर चोख आहे. मूल बाहेरचं बरोबर बघत होतं, कागद तिरका होता. शेतावर, बांधावर बसून काढणाऱ्या पोरांच्या कागदात हे कायम येतं. पॅड मांडीवर कललेलं असतं, पोराला पत्ता नसतो.

रेघोटी
फोटो आहे, वर्ग सुटताना सगळ्यांचे काढते. थांबा.

रेघोटी
खडूफळा सर, हात जोडते.

मोबाइलमध्ये फोटो उघडला आणि कापायच्या खिडकीतला तो फिरवायचा काटा डावीकडे सरकवत गेले. मूर्ती सरळ झाली त्याच क्षणी पाण्याची कडही आडवी झाली. न्यायमंदिराचे खांबही उभे. चित्रात फक्त एकच रेघ आता वाकडी दिसतेय, ती माझी. पेन्सिलची.

नाममात्र
_/\_

कोथिंबीर
अरेरे. आणि वा.

तिरकस
खडूफळा सर स्पष्ट सांगणाऱ्यातले खरे, पण आधी स्पष्ट बघणाऱ्यातले निघाले.

खडूफळा
@तिरकस, बासष्ट कागद तपासताना तेवढंच तर हाताला लागतं. ताई, पुढच्या वेळी कागदाला हात लावावासा वाटलाच तर वर बटर पेपर ठेवा आणि त्यावर काढा. मुलाला पटलं तर खाली उतरवेल, नाही पटलं तर तुमचा बटर पेपर तुमच्यापाशी. आणि मुलांना चित्र आरशात बघायला लावा. तोल गेला असेल तर त्यांचं त्यांनाच दिसतं, तुम्ही वाईट होत नाही. माझ्या वर्गात दाराच्या मागे एक जुना न्हाव्याचा आरसा आहे, रांग लागते.

दोन_मुलांचा_बाप
आमच्या सरांकडे आरसा नव्हता, पक्षी होते.

लष्करवाली
😂

रेघोटी
(दहा दिवसांनी) धागा वर काढतेय, माफ करा. सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

आधी आईला फोन केला. चुकी माझी होती, कागद तिरका होता, वगैरे सांगितलं. त्यांना काही कळलं नाही, पण “शनिवारी आम्ही सुरसागरला असतोच, या ने” म्हणाल्या. गेले. स्वतःची स्केचबुक घेऊन गेले.

मिनू वडिलांच्या ॲक्टिवावर मागच्या सीटवर बसली होती. गाडी साइड स्टँडवर. वडील पुढे लारीपाशी (हातगाडीपाशी) खारी शिंग, म्हणजे खारे शेंगदाणे, घेत उभे. मी काही विचारायच्या आधीच सगळं समोर मांडून ठेवल्यासारखं दिसलं. ती दर शनिवारी तिथे, तशीच बसते. त्या दिवशीही तिथेच बसून काढलं होतं.

मी कठड्यावर बसले आणि म्हटलं, “त्या चित्रात तुझं सगळ्यात आवडतं काय होतं?” तिने मूर्तीकडे बोट नाही दाखवलं. लारीकडे दाखवलं. लारीवर एक उघडा बल्ब आहे, त्याच्याखाली कढईतून वाफ येते आणि ती वाफ पिवळी दिसते. कोपऱ्यातला तो पिवळा रंग! मी त्याला ‘भरपूर ओतलेला’ म्हणून मोकळी झाले होते. वर धाग्यात तसं लिहिलंयसुद्धा, जाऊन वाचा. तिने सांगितलं, पांढरा ठेवायचा होता, पण जलरंगात पांढरा नंतर लावता येत नाही हे तिला रंग लावल्यावर आठवलं. म्हणजे तिचा खरा प्रश्न तोच होता, कागद कोरा कुठे सोडायचा. ते मी तिला दोन मिनिटांत दाखवू शकले असते. तिथेच दाखवलं, माझ्या वहीत. बल्बची जागा कोरी सोडून भोवतीने पिवळा, मग तो ओला असतानाच कडेने तपकिरी.

मग मी लारीवाल्याला काढत बसले. ती खाली उतरून मागे येऊन उभी राहिली. बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “ताई, सांगू का?”

म्हटलं सांग.

“तुमचा काका हसतोय. तो कधीच हसत नाही.”

खरंच हसत होता हो. हात आपोआप गेला होता, सवयीने तोंडाची कड वर. मी खोडरबर काढलं तर म्हणाली, “पुसू नका, बाजूला दुसरा काढा.” काढला. तो बरा आला. मग वडिलांनी शिंग दिली आणि दोघं निघून गेली. रविवारी येणार का विचारलं तर “बघते” म्हणाली.

निळाईझल
‘सांगू का?’ विचारून मत! लर्मनबाईंची चौथी पायरी, न शिकवता.

कोथिंबीर
छान.

तिरकस
@कोथिंबीर, म्हणजे वाचलं नाहीत ना?

कोथिंबीर
दोनदा वाचलं. तुम्हाला काय कळतंय.

खडूफळा
ॲक्टिवाचा साइड स्टँड डावीकडे असतो, गाडी डावीकडे कलते, पॅडही डावीकडे कललं असणार. म्हणून सरळ धरल्यावर चित्र उजवीकडे झुकलं. हिशेब जुळतो. आता त्या वडिलांना सांगा, शनिवारी गाडी डबल स्टँडवर लावत चला.

रेघोटी
सांगितलं. म्हणाले, डबल स्टँड मोडलाय.